साताऱ्याकडच्या एका भरती अकॅडमीचं 'ट्रेड निवड' शिबिर : पोराचा फॉर्म भरायच्या आधी वाचा

एका दिवसाचं शिबिर, फी 500 रुपये, त्यात सकाळचे पोहे-चहा आणि दुपारचं जेवण, आणि विषय एकच : फौजेत जायचंय ते ठीक, पण कुठल्या ट्रेडला, म्हणजे कुठल्या प्रकारच्या कामाला, जायचं आणि बाहेर आल्यावर त्या ट्रेडचं काय होणार. अकॅडमीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण त्यांच्या रेग्युलर भरती बॅचबद्दल, ग्राउंडबद्दल मला काही माहिती नाही, हा रिव्ह्यू फक्त त्या एका शिबिराचा आहे. तुमच्या तालुक्यात असं शिबिर असलं तर त्यात काय असायला पाहिजे आणि कशाला भुलू नये हे कळावं म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मी भाच्याला घेऊन गेलेलो. बारावी सायन्स, 57 टक्के, पळतो चांगला. आमच्या दाजींच्या डोक्यात एकच, पोरगा क्लार्क व्हावा म्हणजे सावलीत बसून काम. पोराच्या डोक्यात जीडी (जनरल ड्युटी, म्हणजे साधा शिपाई), कारण त्याचे सगळे मित्र जीडीचा फॉर्म भरतायत. मिलिटरी अपशिंगेसारखी फौजींची गावं ज्या जिल्ह्यात आहेत तिथं फौजेत जायचं का हा प्रश्नच कुणी विचारत नाही, पण कशात जायचं हेही कुणी विचारत नाही ही खरी अडचण आहे. मी स्वतः नेव्हीत मरीन इंजिनिअरिंगला होतो, लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीला ट्रेनिंग, मग जहाजं, आणि आता पेन्शनीला येऊन साखर कारखान्याच्या बॉयलरवर आहे. त्यामुळे शिबिरात काय सांगतायत ते जरा कान देऊनच ऐकलं.

शिकवणारे मुख्य माणूस ईएमईतून (आर्मीची यंत्रं-गाड्या दुरुस्त करणारी शाखा) सुभेदार मेजर म्हणून रिटायर झालेले. त्यांनी आल्या आल्या फळ्यावर मधोमध उभी रेघ मारली, डावीकडं लिहिलं 'आतलं काम' आणि उजवीकडं 'बाहेरचा कागद'. मग पोरांना म्हणाले, एकेक ट्रेड सांगा. पोरं सांगत गेली, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, क्लार्क, नर्सिंग, कुक, ऑपरेटर, आणि साहेब डावी बाजू भरत गेले. डावी बाजू पाच मिनिटांत गच्च भरली. मग उजवीकडं बोट ठेवून विचारलं, आता या प्रत्येकाला बाहेर काम करायला कुणाची सही असलेला कागद लागतो ते सांगा. सगळा हॉल गप्प. अख्खं शिबिर या एका प्रश्नावर उभं आहे, आणि माझ्या मते तो एकमेव बरोबर प्रश्न आहे.

इलेक्ट्रिशियन घ्या. फौजेत जनरेटर, वायरिंग, पॅनल सगळं हातानं करतात, हुशार पोरगा चार वर्षांत तयार होतो. पण महाराष्ट्रात वायरमन किंवा इलेक्ट्रिकल सुपरवायझर म्हणून काम करायचं तर राज्याच्या लायसनिंग बोर्डाचा परवाना लागतो, त्याशिवाय टेस्ट रिपोर्टवर सही करता येत नाही. माझंच सांगतो, जहाजाच्या इंजिनरूममध्ये इतकी वर्षं काढली तरी कारखान्यात बॉयलर अटेंडंट म्हणून उभं राहायला बाष्पके संचालनालयाची परीक्षा द्यावीच लागली. आणि ते बरोबरच आहे, बॉयलर हे काही खेळणं नाही. पण आत असतानाच हे माहीत असेल तर माणूस अनुभवाचे दाखले नीट घेऊन ठेवतो, पुस्तकं चाळून ठेवतो, बाहेर आल्यावर वर्ष वाया जात नाही. ड्रायव्हरचं त्यातल्या त्यात सोपं, लष्करी लायसनवरून आरटीओकडून सिव्हिल लायसन करून घेता येतं, फक्त त्यात हेवीची नोंद आहे का ते युनिट सोडायच्या आधी बघायचं. ड्रोनचं पण छान सांगितलं त्यांनी, आता तोफखान्यात, इन्फंट्रीत सगळीकडं ड्रोन आलेत, पोरांना वाटतं आत उडवला म्हणजे बाहेर उडवता येईल, पण ड्रोन नियम 2021 प्रमाणे बाहेर व्यवसाय म्हणून उडवायचा तर डीजीसीएनं (विमान वाहतुकीचं सरकारी खातं) मान्यता दिलेल्या संस्थेतून रिमोट पायलट सर्टिफिकेट घ्यावं लागतं. दहावी पास आणि 18 वर्षं पूर्ण एवढीच अट आहे, म्हणजे बाहेर आल्यावर पहिल्या काही महिन्यांत हातात येण्यासारखी गोष्ट आहे.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते जीडीबद्दलचं बोलणं. अशा अकॅडम्यांचं पोट जीडीच्या पोरांवर असतं, त्यामुळे जीडीला कुणी वाईट म्हणत नाही. साहेबांनी वाईट म्हटलं नाही, पण स्पष्ट सांगितलं की जीडी ही फौजेची पाठ आहे, त्यात मान आहे, पण उजवी बाजू जवळजवळ कोरी आहे. बाहेर आल्यावर पोलीस, सीआरपीएफ-बीएसएफसारखी दलं आणि सिक्युरिटी ही तीन दारं. सिक्युरिटीत 2005 च्या खाजगी सुरक्षा एजन्सी कायद्यानं माजी फौजींना प्राधान्य आहे, पण प्राधान्य म्हणजे पगार नव्हे. मग जीडीत जायचंच असेल तर रेजिमेंटमध्ये जे जे कॅडर आणि कोर्स निघतील, ड्रायव्हिंग, सिग्नल, पीटी, कॉम्प्युटर, त्याला हात वर करायचा, मागं बसायचं नाही. पीटीत ज्याला गोडी आहे त्याला पुण्यात आर्मीची फिजिकल ट्रेनिंगची संस्था आहे, तिथवर पोचलेला माणूस पुढं शाळा-कॉलेजात, जिममध्ये, अकॅडमीत कुठंही उभा राहतो. हे ऐकताना भाचा पहिल्यांदा वहीत लिहायला लागला.

क्लार्कचं दाजींचं स्वप्न तिथंच मोडलं. क्लार्क-स्टोअरकीपरला बारावीला एकूण 60 टक्के आणि प्रत्येक विषयात 50 लागतात, हे आमच्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. टेक्निकलला मात्र बारावी सायन्स, एकूण 50 आणि प्रत्येक विषयात 40, म्हणजे भाचा बसतो. जीडीला दहावीला एकूण 45 आणि प्रत्येक विषयात 33. साहेबांनी हे फळ्यावर मोठ्या आकड्यात लिहिलं आणि ज्याचा मार्कांवरून पत्ता कटतोय त्याला तिथंच सांगितलं, उगाच आशा लावली नाही. क्लार्कला टायपिंगची पण टेस्ट असते. आणि ज्यांना क्लार्कच व्हायचंय त्यांना एक चांगली गोष्ट सांगितली की फौजेतल्या टायपिंगवर राज्य सरकारच्या लिपिक-टंकलेखक भरतीत भागत नाही, तिथं मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांचं सरकारी सर्टिफिकेट मागतात, ते एकदा सुट्टीत येऊन उरकून टाका. स्टोअरकीपरवाल्यांना सांगितलं की भिवंडी, चाकणच्या गोडाऊनमध्ये हेच काम आहे, फक्त तिथं सगळं सॉफ्टवेअरवर चालतं, ते शिका.

मग एका पोरानं, बहुतेक माण-खटावकडचा होता, बऱ्याच वेळानं हात वर केला आणि विचारलं, "सर, ट्रेड्समनमधून कुक झालो तर गावात काय सांगू?" दोनचार पोरं हसली. साहेबांनी हसणाऱ्यांना उभं केलं आणि विचारलं, दोनशे माणसांचा हिशोब धरून शिधा काढता येतो का रे तुम्हाला, मग खाली बसवलं. त्या पोराला म्हणाले, "गावात सांग फौजेत आहे. आणि तुझ्यापुरतं ध्यानात ठेव, हॉटेल, हॉस्पिटल, कंपनीचं कँटीन, जहाज, चारही ठिकाणी तुला बोलावतील." जहाजाचा मुद्दा मी मध्येच उठून पुरा केला, कारण व्यापारी जहाजावर कुक म्हणून जायला शिप्स कुकचं सर्टिफिकेट लागतं, परीक्षा असते, पण ते मिळालं की जगभराच्या कंपन्यांत चालतं. ज्याला लोक हसतात त्या ट्रेडची उजवी बाजू जीडीपेक्षा जास्त भरलेली निघाली, हे त्या हॉलमधल्या सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं.

मेडिकलला कमी वेळ दिला पण जे सांगितलं ते नेमकं. डी.फार्म झालेल्या पोरांसाठी सिपाही फार्मा आहे, ती अग्निवीर (चार वर्षांची भरती) नाही, रेग्युलर भरती आहे, डी.फार्मला 55 टक्के आणि राज्याच्या फार्मसी कौन्सिलची नोंदणी मागतात. म्हणजे माणूस बाहेरचा कागद खिशात घेऊनच आत जातो आणि तोच कागद घेऊन बाहेर येतो, याच्यापेक्षा सुरक्षित काही नाही. नर्सिंग असिस्टंटवाल्यांना मात्र बजावलं की बाहेर स्टाफ नर्स म्हणून लागायचं तर नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते, ती कुठल्या कोर्सवर मिळते ते आधी विचारून घ्या, आत इंजेक्शनं दिली म्हणून बाहेर देता येत नाहीत.

पैशाचा भाग जेवणानंतर. अग्निवीरला पहिल्या वर्षी महिना 30,000, त्यातले 30 टक्के निधीत कापून हातात 21,000, चौथ्या वर्षी 40,000 पैकी हातात 28,000. शेवटी सेवा निधी व्याजासकट साधारण 11.71 लाख, त्यावर टॅक्स नाही. जास्तीत जास्त 25 टक्के पोरं पुढं कायम होणार, बाकीची घरी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि पालकांनी ज्यावर सगळ्यात जास्त मान खाली घातली ते म्हणजे माजी सैनिकाचा दर्जा नाही, त्यामुळे सैनिकी कँटीन नाही, ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं) हॉस्पिटल नाही, माजी सैनिक कोट्यातल्या जागा नाहीत. आमच्या पिढीला जे आपोआप मिळालं, म्हणजे पंधरा वर्षं झाली की मॅट्रिक माणसालासुद्धा केंद्राच्या ग्रुप सीच्या पदवीवाल्या जागांना अर्ज करता येतो, रिटायर व्हायच्या आधी पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स जवानांना फुकट, त्या भरवशावर आता पोरानं आत जायचं नाही. निमलष्करी दलांत अग्निवीरांसाठी 10 टक्के जागा 2022 लाच जाहीर झाल्यात, हा एक आधार आहे. पहिली बॅच 2022 च्या अखेरीपासून आत गेली, म्हणजे त्यांची चार वर्षं 2026 च्या अखेरीपासून भरतायत, एकदम हजारो पोरं बाजारात येणार आणि सगळ्यांच्या हातात सारखाच कागद असणार. मागं एका आईनं विचारलं, "मग पाठवू का नको साहेब?" ते म्हणाले, "पाठवा ताई, पण बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा परत येणार आहे असं धरूनच पाठवा. कायम झाला तर तुमचं नशीब." असं तोंडावर सांगणारा माणूस मला कुठल्याच अकॅडमीत अजून भेटला नव्हता.

त्याच्या पुढं त्यांनी जे सांगितलं ते प्रत्येक घरात भिंतीला चिकटवून ठेवावं असं आहे. इग्नूनं (केंद्राचं मुक्त विद्यापीठ) अग्निवीरांसाठी तीन वर्षांची पदवी ठेवलीय, तिच्यात निम्मे क्रेडिट फौजेतल्या ट्रेनिंगचे धरतात, निम्मेच अभ्यासाचे. आत गेल्यावर लगेच नाव घालायचं, चौथ्या वर्षाची वाट बघायची नाही. दहावीवर गेलेल्याला एनआयओएसमधून (केंद्राची मुक्त शाळा) बारावीचं सर्टिफिकेट मिळायची सोय आहे. आणि केलेल्या प्रत्येक कोर्सची, तारखेसकट, पार्ट टू ऑर्डरमध्ये (युनिटच्या अधिकृत सेवा-नोंदीत) नोंद झाली का ते स्वतः जाऊन बघायचं. साहेबांनी स्वतःचं जुनं डिस्चार्ज बुक आणलेलं, पानं पार पिवळी पडलेली, एका ओळीवर बोट ठेवून दाखवलं की ही वेल्डिंगच्या कोर्सची ओळ, हिच्यावर मला रिटायरमेंटनंतर पहिली नोकरी लागली. ते बुक सगळ्या हॉलमध्ये हातोहात फिरलं, पोरं ती ओळ शोधून शोधून बघत होती.

एक गोष्ट त्यांनी प्रामाणिकपणे सांगितली की ट्रेड मागणं आपल्या हातात आहे, मिळणं नाही. आर्मीत कॅटेगरी फॉर्मवरच ठरते, आता दोन कॅटेगरीला अर्ज करता येतो, परीक्षा मराठीतून पण देता येते, पण पुढं कुठली कोर (आर्मीची शाखा), कुठलं काम हे ट्रेनिंग सेंटरवर ठरतं. नेव्ही-एअरफोर्समध्ये बेसिक ट्रेनिंगच्या वेळी मार्क, पसंती आणि त्यांची गरज बघून ब्रँच किंवा ट्रेड देतात. म्हणून बेसिकमधले मार्क हे फक्त पास होण्यासाठी नसतात, ट्रेड त्याच्यावर ठरतो, हे पोरांना घरून निघतानाच माहीत पाहिजे. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेल्यांना टेक्निकलला बोनस मार्क असतात, तेही.

आता न पटलेलं. पहिलं म्हणजे चहानंतर एका खाजगी इन्स्टिट्यूटचा माणूस उभा केला, 'फायर अँड सेफ्टी डिप्लोमा', सहा महिने, नोकरीची हमी, आणि पत्रकं वाटली. हे अजिबात करायला नको होतं. दिवसभर साहेब सांगतायत की कागदावर सही कुणाची ते बघा आणि संध्याकाळी कुणाची सही आहे तेच न सांगणारा कोर्स विकायला माणूस आणला. मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं की एमएसबीटीईची (राज्याचं तंत्रशिक्षण मंडळ) मान्यता आहे का, तर म्हणाला आमचं इंटरनॅशनल आहे. महाराष्ट्रात फॅक्टरीत सेफ्टी ऑफिसर व्हायचं तर एमएसबीटीईचा इंडस्ट्रियल सेफ्टीचा ॲडव्हान्स डिप्लोमा विचारतात आणि त्याला आधी इंजिनिअरिंग किंवा सायन्सचं शिक्षण लागतं. फायरमध्येच जायचं असेल तर नागपूरला नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेज आहे, सरकारी आहे, त्याची चौकशी करा. चार वर्षांनी पोरांच्या खात्यात अकरा लाख येणार हे या लोकांना आत्तापासून माहीत आहे, पालकांनी सावध राहा. साहेबांना मी नंतर बाजूला घेऊन बोललो, त्यांनाही ते आवडलं नव्हतं, व्यवस्थापनाचा निर्णय होता म्हणाले.

दुसरं, नेव्ही आणि एअरफोर्स फार घाईत उरकलं. साहेब आर्मीचे, त्यामुळे समजू शकतो, पण बाहेरच्या नोकरीच्या दृष्टीनं हीच दोन दालनं सगळ्यात भरलेली आहेत. नेव्हीतून व्यापारी जहाजांवर जायला जून 2022 मध्येच जहाज वाहतूक मंत्रालयानं अग्निवीरांसाठी सहा मार्ग जाहीर केलेत, त्यात सर्टिफाइड रेटिंग (ऑफिसरखालचा खलाशी) आहे, इलेक्ट्रिकलवाल्यांना इलेक्ट्रो-टेक्निकल रेटिंग, अगदी ऑफिसरपर्यंत, आणि कुकपण आहे. त्याला सीडीसी (खलाशाचं ओळख-पुस्तक) आणि एसटीसीडब्ल्यूचे (जहाजावरच्या सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय) कोर्स लागतात. लोणावळ्याला मरीन इंजिनिअरिंग, जामनगरच्या आयएनएस वलसुराला इलेक्ट्रिकल, मालाडच्या आयएनएस हमलाला लॉजिस्टिक आणि कुक-स्टुअर्ड, कुठं काय शिकवतात एवढं जरी सांगितलं असतं तरी पोरांचे डोळे उघडले असते. एअरफोर्सच्या फिटरचं पण तसंच, डीजीसीएच्या एएमई (विमान देखभाल इंजिनिअर) लायसनसाठी लष्करी विमानावरचा अनुभव धरतात, पण वर सिव्हिल विमानावरचा काही अनुभव वेगळा लागतो आणि पेपर द्यावे लागतात. नागपूरच्या मिहानमध्ये विमान दुरुस्तीचं केंद्र आहे, म्हणजे विदर्भातल्या पोराला घराजवळ काम मिळू शकतं. बारावीला मॅथ्स-फिजिक्स आणि इंग्रजीत 50 असणाऱ्या पोरानं जीडीची रांग लावायच्या आधी हे दोन फॉर्म भरलेच पाहिजेत असं माझं ठाम मत आहे.

तिसरं, मुली. हॉलमध्ये बऱ्यापैकी मुली होत्या, काही आईबरोबर आलेल्या, आणि त्यांच्या वाट्याला एक वाक्य आलं, की आर्मीत मुलींना मिलिटरी पोलीस आहे. ते खरं आहे, पण नेव्ही आणि एअरफोर्स दोन्हीकडं अग्निवीर म्हणून मुली घेतात आणि तांत्रिक काम करतात. जिला इलेक्ट्रॉनिक्स आवडतं तिनं हे ऐकायला पाचशे रुपये भरले होते, तिला ते मिळालं नाही. याबद्दल मी फीडबॅक फॉर्मवर दोन्ही बाजूंनी लिहून आलोय.

बाकी किरकोळ : हॉलमध्ये पंखे कमी, आवाज मागं पोचत नाही, पुढं बसा. हातात द्यायला छापील कागद काहीच नाही, फळ्याचे फोटो काढायचे. जेवण चांगलं होतं, भाकरी गरम होती. मुलांसाठी आणि मुलींसाठी टॉयलेट वेगळी आहेत, स्वच्छ होती.

भाच्यानं शेवटी टेक्निकल आणि जीडी अशा दोन कॅटेगरी ठरवल्यात, टेक्निकल पहिली, आणि एअरफोर्सचा फॉर्म निघाला की तोही भरणार आहे. दाजी दोन दिवस गप्प होते, मग त्यांनीच इग्नूची माहिती काढायला लावली.

माझ्याकडून 5 पैकी 4. एक स्टार त्या सेफ्टीवाल्याचा आणि मुलींच्या एका वाक्याचा कापलाय. पोरगं आर्मीच्याच तयारीत असेल तर डोळे झाकून पाठवा, आणि पालकांनी पण बरोबर बसा, पैशाचा भाग तुमच्यासाठी आहे. मुलगी असेल किंवा नेव्ही-एअरफोर्सचा विचार असेल तर आधी फोन करून विचारा की त्या दलातला माणूस बोलायला येणार आहे का. नसेल येणार तर पाचशे रुपये वाचवा आणि गावातला कुणी सेलर किंवा एअरमन सुट्टीवर आला असेल त्याच्याकडं जाऊन तासभर बसा, जाताना वही घेऊन जा.